बेशरमचे फेरफार

विदर्भात रस्त्यावरचा खड्डा वर्षभर बुजला नाही की कार्यकर्ते त्यात बेशरमचं झाड लावतात. निवेदन घ्यायला साहेब जागेवर नसले की त्यांच्या रिकाम्या खुर्चीला बेशरमच्या फुलांचा हार घालतात. फोटो निघतो, पेपरात छापून येतो, खड्डा तसाच राहतो. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणाला समजावून सांगावी लागत नाही: या झाडाला बेशरम का म्हणतात. कापा, पुन्हा फुटते. उपटून फेका, फेकलेल्या जागी रुजते. पाण्यात उभी राहते, उन्हातही उभी राहते. इतकं नेमकं नाव असलेलं दुसरं झाड आपल्याकडे शोधूनही सापडायचं नाही.

खापरखेड्याकडे कोणत्याही बाजूनं या, ती दिसेल. नाल्याच्या काठानं, रुळांच्या कडेनं, शेताच्या धुऱ्यावर, राखेच्या बंधाऱ्याच्या बाजूला. फिकट गुलाबी-जांभळी, भोंग्याच्या आकाराची फुलं, लांबट टोकदार पानं, आतून पोकळ काडी. आता मोबाइल काढा, फुलाचा फोटो घ्या आणि झाडं ओळखणाऱ्या एखाद्या अ‍ॅपला विचारा. उत्तर येईल: आयपोमिया कार्निया. बीएस्सी केलेल्या काकांना विचारा, ते म्हणतील: आयपोमिया फिस्टुलोजा, आम्ही प्रॅक्टिकलच्या वहीत हेच लिहायचो. ग्रंथालयात पिवळ्या पडलेल्या पानांचं एखादं वनस्पतींचं पुस्तक उघडलंत, तर तिथं आयपोमिया क्रॅसिकॉलिस असं तिसरंच नाव भेटू शकतं. झाड एक, नावं तीन, आणि तिन्ही ‘शास्त्रीय’.

इथं बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. काही जण हसतात आणि म्हणतात, शास्त्रज्ञांना काही उद्योग नाही, दर दहा वर्षांनी नाव बदलतात, आपली बेशरम बरी. काही जण अ‍ॅपनं सांगितलेलं पहिलं नाव डोळे झाकून उतरवतात आणि बाकीची दोन ‘चुकीची’ किंवा ‘जुनी’ म्हणून टाकून देतात. या दोन्ही माणसांशी माझं भांडण आहे. दुसऱ्याशी जास्त, कारण तो स्वतःला शास्त्रीय समजतो.

माझं म्हणणं असं: एखाद्या वनस्पतीचं एकच शास्त्रीय नाव सांगणं आणि तिची समानार्थी नावं गाळणं, ही अर्धी माहिती आहे. आणि अर्ध्या माहितीची किंमत झाडाला मोजावी लागत नाही. ती बकरीवाल्याला मोजावी लागते, गावाच्या नोंदवहीला मोजावी लागते, राखेशेजारी राहणाऱ्याला मोजावी लागते.

सातबारा आणि फेरफार

जमिनीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो. तो मालक कसा झाला, आधी कोण होता, वाटणी कधी झाली, विक्री कधी झाली, हे फेरफारात असतं. गाव नमुना सहा. फेरफार न बघता नुसत्या सातबाऱ्यावर भरवसा ठेवून जमीन घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. कोळसा, वीज आणि राख यांच्यासाठी ज्या पट्ट्यात जमिनी गेल्या, त्या पट्ट्यातल्या माणसांना तर हे शिकवावं लागत नाही. मोबदल्याच्या फायलीत एक जुनी नोंद सापडली नाही तर काय होतं, हे इथल्या घराघरांत माहीत आहे.

वनस्पतीचं आज मान्य असलेलं नाव म्हणजे सातबारा. समानार्थी नावं म्हणजे फेरफार. जगभरात या फेरफारांचा ढीग किती आहे बघा. ‘द प्लँट लिस्ट’ या नावाच्या यादीच्या 2013 च्या आवृत्तीत वनस्पतींच्या जातींची 10,64,035 शास्त्रीय नावं होती. त्यांतली मान्य नावं 3,50,699. म्हणजे मान्य नाव एक, तर एकूण नोंदी तीन. उरलेल्यांत बहुतेक समानार्थी, आणि बरीच अशी की ज्यांचा निवाडा तोवर झालाच नव्हता. हा सगळा ढीग कचरा आहे असं वाटत असेल, तर बेशरमचेच फेरफार एकदा वाचून बघू.

पहिली नोंद 1760 ची. निकोलाउस जॅकिन हा तरुण वनस्पतीशास्त्रज्ञ. व्हिएन्नाच्या बादशहानं आपल्या राजबागेसाठी झाडं आणायला त्याला कॅरिबियन समुद्राकडं पाठवलं होतं. परतल्यावर त्यानं जी नावं छापली, त्यांत आयपोमिया कार्निया होतं. ‘कार्निया’ म्हणजे मांसाच्या रंगाची. फुलाचा रंग बघून दिलेलं नाव. त्याच्यासमोरचं झाड मात्र आपल्या नाल्यावरच्या झाडापेक्षा थोडं वेगळं होतं: वेलीसारखं चढणारं, रुंद, हृदयाच्या आकाराच्या पानांचं.

दुसरी नोंद 1845 ची. मार्टियस हा जर्मन शास्त्रज्ञ 1817 ते 1820 या काळात ब्राझील पालथा घालून आला होता. तिथं त्याला उभं वाढणारं, लांबट पानांचं, पोकळ काडीचं झुडूप दिसलं. ‘फिस्टुलोजा’ म्हणजे नळीसारखं पोकळ. हे नाव त्यानं स्वतः छापलं नाही. जिनिव्हाच्या श्वाझीनं ते वनस्पतींच्या एका महाग्रंथात प्रसिद्ध केलं, म्हणून आजही त्या नावापुढं दोघांची नावं लागतात.

तिसरी नोंद त्याच सुमाराची. ‘सल्फर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या सफरीतून आलेल्या वनस्पती इंग्लंडमध्ये बेंथमच्या टेबलावर पोचल्या. त्यानं याच झुडपाला नाव दिलं बटाटास क्रॅसिकॉलिस. ‘क्रॅसिकॉलिस’ म्हणजे जाड खोडाची. आणि आडनाव बटाटास! हसू नका. बटाटा हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा, आणि तो तिथं रताळ्यासाठी होता. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. नागपुरात आपण त्या कंदाला आलू म्हणतो, म्हणून एवढ्या गोंधळातून वाचलो. बेंथमचं चुकलं नव्हतं. बेशरम खरोखरच रताळ्याच्या कुळातली, अगदी जवळची नातेवाईक आहे.

चौथी नोंद 1916 ची. अमेरिकेतल्या रॉबिन्सननं बेंथमच्या झाडाला बटाटास या प्रजातीतून उचलून आयपोमियात ठेवलं. झालं आयपोमिया क्रॅसिकॉलिस. ग्रंथालयातल्या पिवळ्या पुस्तकातलं नाव ते हेच.

पाचवी नोंद 1977 ची. डॅनियल ऑस्टिन या अमेरिकी अभ्यासकानं कार्निया आणि फिस्टुलोजा समोरासमोर ठेवल्या आणि सांगितलं की या दोन वेगळ्या जाती नाहीत, एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. वेलीसारखी, रुंद पानांची ती उपजात कार्निया. उभी, लांबट पानांची ती उपजात फिस्टुलोजा. भारतात पसरलेली, आपल्या नाल्यावरची, ती ही दुसरी.

आता अ‍ॅपचं उत्तर पुन्हा वाचा. ‘आयपोमिया कार्निया’ हे चूक नाही, अपुरं आहे. काकांचं ‘फिस्टुलोजा’ जुनं आहे, पण ते तुमच्या समोरच्या झाडाबद्दल अ‍ॅपपेक्षा जास्त सांगतं. ज्याला आपण जुनाट म्हणून टाकत होतो, त्यातच नेमकेपणा होता.

फेरफारातला एक बारकावाही इथं दिसतो. रॉबिन्सननं केलं ते नुसतं घर बदलणं. बेंथमचं झाड तेच, वाळवून ठेवलेला मूळ नमुना तोच, फक्त प्रजात बदलली. अशा समानार्थी नावांबद्दल वाद होऊ शकत नाही. ऑस्टिननं केलं ते मत आहे. दोन वेगळ्या नमुन्यांवरून दिलेली दोन नावं एकाच जातीची आहेत, असा निर्णय. अभ्यासानं पटणारा, पण उद्या नव्या अभ्यासानं बदलू शकणारा. पहिला प्रकार खातेदाराचा पत्ता बदलण्यासारखा, दुसरा दोन खाती एकत्र करण्यासारखा. दोन्हींना एकाच पारड्यात टाकून ‘नावं बदलत राहतात’ म्हणणारा माणूस आळशी आहे, एवढंच मी म्हणेन.

बकरीला लॅटिन येत नाही

‘बरं, मग फरक काय पडतो? झाड तर तेच.’ हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर बकरीपाशी आहे.

बेशरम विषारी आहे. तिच्यात स्वेनसोनिन नावाचं एक द्रव्य असतं. झाडाच्या आत राहणारी एक बुरशी ते तयार करते. हे द्रव्य पेशींमधल्या एका विकराचं काम बंद पाडतं. त्या विकरानं ज्या साखरेच्या साखळ्या तोडायच्या, त्या तुटत नाहीत आणि पेशीतच साचत जातात. बकरी एका दिवसात मरत नाही. हळूहळू वाळते, चाल बिघडते, डोकं थरथरतं, मागचे पाय दगा देतात. आणखी वाईट म्हणजे, उन्हाळ्यात दुसरा हिरवा पाला नसताना एकदा तोंड लावलेली बकरी पुढं आपणहून तोच पाला शोधत जाते.

आता समजा तुम्ही पशुवैद्यकाचं शिक्षण घेताय, किंवा तुमच्या घरच्या पाच बकऱ्या आहेत आणि हातात फोन आहे. तुम्ही शोधायला बसता. ब्राझीलमध्ये 1960 साली या झाडाच्या विषाचा रवंथ करणाऱ्या जनावरांवर प्रयोग करून अभ्यास झाला. त्या अभ्यासात झाडाचं नाव आहे फिस्टुलोजा. पुढं 1970 च्या दशकात सुदानमध्ये बकऱ्यांवर अभ्यास झाला, 1999 मध्ये मोझांबिकमधल्या बकऱ्यांचा आजार नोंदला गेला. तिथं नाव कार्निया. ब्राझीलच्या अलीकडच्या अभ्यासांत लांबलचक नाव: कार्निया, उपजात फिस्टुलोजा. तुम्ही एकच नाव टाकलंत तर तेवढ्याच नावाचे कागद हाती येतील. बाकीचं ज्ञान कुठं हरवलेलं नाही, ते दुसऱ्या नावाच्या कपाटात पडून आहे आणि किल्ली तुमच्याकडं नाही. त्या कपाटाची किल्ली म्हणजे समानार्थी नाव.

उलटा धोकाही आहे. बेशरमची एक जवळची बहीण आपण आवडीनं खातो. तळ्यात, ओढ्यात वाढणारी नाळीची भाजी. आयपोमिया अ‍ॅक्वाटिका. तिचीही काडी पोकळ, तिचंही फूल भोंग्याचंच. हिंदी पट्ट्यात आणि बंगालात तिला कलमी म्हणतात, आणि बंगालीत बेशरमला ढोल कलमी. आता कल्पना करा, एखाद्या भाषांतरित पाककृतीतून ‘ढोल’ गळून पडला. किंवा एखाद्या यादीत नुसतं ‘आयपोमिया’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली. एकीची भाजी होते, दुसरीनं जनावर आडवं होतं. नावाच्या उत्तरार्धात एवढं वजन असतं.

राखेवरची यादी

खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र 1,340 मेगावॅटचं. 210 चे चार संच, 500 चा एक. आपल्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख असते, आणि ती कुठंतरी जावीच लागते. इथली राख पाण्यात कालवून नळांवाटे वारेगावच्या बंधाऱ्याकडं जाते. राखेच्या तळ्यांवर सहज काही उगवत नाही. बेशरम उगवते. राख धरून ठेवायला, राखेतले धातू शोषून घ्यायला ती उपयोगी पडेल का, यावर भारतात संशोधनही झालंय. शिवी म्हणून वापरलेलं झाड राखेवर हिरवळ धरतं, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण धातू शोषलेला तो पाला चरायला गेलेल्या जनावराच्या पोटात जाणार असेल, तर तीच गोष्ट भीतीदायकही आहे. दोन्ही बाजू तपासायच्या तर आधी झाड नेमकं कोणतं ते ठरायला हवं. नाहीतर एका उपजातीवरचा निष्कर्ष दुसरीच्या माथी मारला जाईल.

मोठ्या प्रकल्पांना परवानगी देण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल लागतो. 2006 च्या अधिसूचनेनं ही पद्धत आखून दिली. त्या अहवालात परिसरातल्या वनस्पतींची यादी असते. यादीच्या शेवटी आकडा असतो: इतक्या जाती आढळल्या. आता त्या यादीत कार्निया एका ओळीत आणि फिस्टुलोजा दुसऱ्या ओळीत आली, तर एका झुडपाच्या दोन जाती मोजल्या जातात. टाइप करताना ‘कार्निया’चं ‘कैरिका’ झालं, तर तिसरीच वेल जन्माला येते, कारण आयपोमिया कैरिका नावाची वेल खरोखरच आहे आणि आपल्याकडेही वाढते. उलट, दोन खरोखर वेगळी झाडं एकाच नावाखाली गेली, तर एक कागदावरून पुसलं जातं. कागदावर नसलेलं झाड तोडल्याची भरपाई कोणी मागत नाही.

कोराडीत 660 मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत माणसं उन्हाबद्दल, राखेबद्दल, पाण्याबद्दल, दम्याबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण जाड अहवालातली वनस्पतींची यादी सहसा कोणी उघडत नाही, कारण ती लॅटिनमध्ये असते आणि लॅटिन म्हणजे साहेबांचं काम अशी आपली समजूत. ही समजूत ज्यांच्या सोयीची आहे, ते ती मोडायला येणार नाहीत.

दुसरी यादी तर आपल्याच गावाची. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची. राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि मुदत चुकली तर दरमहा दहा लाखांचा दंड सांगितला. मुदत आणि दंड यांच्या धाकानं भरलेली वही कशी असते, हे ग्रामपंचायतीत दोन तास बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. पण ही वही गमतीची गोष्ट नाही. उद्या गावातल्या एखाद्या वनस्पतीवरून कोणी औषध काढलं, पैसा कमावला आणि गावाचा वाटा द्यायची वेळ आली, तर पुरावा म्हणून पुढं येईल ती हीच वही. त्यात स्थानिक नाव चुकलं, शास्त्रीय नाव जुनं पडलं आणि दोन्हींना जोडणारी समानार्थी नावं लिहिलेलीच नसली, तर समोरचा वकील म्हणेल, हे झाड ते नव्हेच. फेरफार नसलेल्या सातबाऱ्याचं कोर्टात जे होतं, तेच.

लोकनावाचा भाबडेपणा

आता पहिल्या माणसाकडं वळू. तो म्हणतो, लॅटिन सोडा, बेशरम पुरे.

लोकनावाबद्दल मला आदर आहे. ‘मांसाच्या रंगाची’ या नावापेक्षा ‘बेशरम’ या नावात झाडाचा स्वभाव जास्त आहे. शेजारच्या हिंदीत तिला बेहया म्हणतात, म्हणजे तिथंही माणसांनी तोच स्वभाव पाहिला. फुलाचा रंग बघणाऱ्या जॅकिननं झाड काही दिवस पाहिलं. ते उपटून दमलेल्या माणसानं ते आयुष्यभर पाहिलं. नोंदवहीत हे नाव पहिल्या रकान्यात हवं, आणि ते कोणी, कुठल्या गावात सांगितलं तेही हवं.

पण लोकनाव पुरे म्हणणारा एक गोष्ट विसरतो. ही बेशरम आपली नाहीच. ती दक्षिण अमेरिकेची. शोभेसाठी, कुंपणासाठी आणली आणि पसरली. तिचं नाव आपण दिलं, पण तिच्याबद्दलचं अर्धं ज्ञान ब्राझीलच्या गुराख्याकडं आणि सुदानच्या बकरीवाल्याकडं आहे. त्यांना बेशरम हा शब्द ठाऊक नाही, आपल्याला त्यांचा शब्द ठाऊक नाही. आपल्या दोघांमध्ये पूल एकच, शास्त्रीय नावाचा. आणि तो पूल वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या फळ्यांनी बांधला गेलाय. मधली एक फळी काढली की आपण अलीकडे आणि ते पलीकडे.

नावाचं राजकारण आहे, म्हणूनच

तिसरा एक माणूस आहे. तो वाचलेला आहे आणि त्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. तो म्हणतो, ही सगळी व्यवस्थाच गोऱ्या माणसाची. बादशहाची राजबाग, ब्रिटिश जहाज, युरोपातले ग्रंथ. 1753 साली लिनियसच्या पुस्तकापासून घड्याळ सुरू करायचं आणि त्याआधीच्या हजारो वर्षांच्या नावांना शून्य किंमत द्यायची. विदर्भाचं रान पेटवणारा पळस घ्या. त्याची प्रजात ब्युटिया, म्हणजे ब्यूटचा उमराव. हे गृहस्थ 1762-63 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते. पळसाचा आणि त्यांचा संबंध काय?

संबंध काहीच नाही. मुद्दा मान्य. मी आणखी एक उदाहरण त्याच्या हातात देतो. आपल्या बाभळीचं नाव शाळेत काय शिकवलं? अकेशिया नायलोटिका. ती आता व्हॅचेलिया नायलोटिका आहे. अभ्यासातून दिसलं की अकेशिया ही एक प्रजात नाहीच, तिची फाळणी करावी लागणार. मग ‘अकेशिया’ हे नाव कोणाकडं राहणार? नियमानं ज्या झाडावर ते नाव उभं होतं त्याच्याकडं, म्हणजे बाभळीकडंच. पण ऑस्ट्रेलियात या गटाच्या जातींची संख्या सगळ्यात मोठी. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांना देण्याचा प्रस्ताव आला. विरोधात निम्म्यापेक्षा जास्त मतं पडली, पण तो फेटाळायला 60 टक्के लागत होती, तेवढी झाली नाहीत. 2011 मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. बाभळीचं नाव मतदानानं गेलं, तेही अल्पमतानं. हे राजकारण नाही तर काय?

पण यावरून ‘जुनी नावं जाळून टाका’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो उलटा. ज्या कचेरीत हेराफेरी होऊ शकते, तिथले फेरफार जपून ठेवायचे असतात. बाभूळ कधीकाळी अकेशिया होती, ही नोंद समानार्थी नावांत आहे म्हणून मी आज तुम्हाला हा किस्सा सांगू शकलो. नोंद पुसली असती तर बाभूळ जन्मापासून व्हॅचेलियाच होती असं तुम्ही समजला असता.

आणि बदल होत नाही असंही नाही. 2024 च्या जुलैमध्ये माद्रिदच्या परिषदेत आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना हिणवणाऱ्या शब्दावरून आलेलं ‘काफ्रा’ हे पद दोनशेहून जास्त नावांतून बदलून ‘आफ्रा’ करायचं ठरलं. बाजूनं 351 मतं, विरोधात 205. एक अक्षर गेलं आणि शिवी गेली. पण शोधणाऱ्याला जुन्या कागदांवरचं जुनं नाव लागणारच आहे. शिवी चालू नावातून जावी आणि तिची नोंद इतिहासात राहावी, हे दोन्ही एकाच वेळी करता येतं. त्याचीच सोय म्हणजे ही यादी.

पळसाचंही तसंच. लामार्कनं त्याला आधी पांगाऱ्याच्या प्रजातीत, एरिथ्रिनात, ‘मोनोस्पर्मा’ म्हणून घातला होता. त्याच्या शेंगेत एकच बी असतं, म्हणून. पुढं बरीच वर्षं ब्युटिया फ्रोंडोजा हे नाव चाललं. 1894 मध्ये टाउबर्टनं जुनं ‘मोनोस्पर्मा’ परत आणलं, कारण नियमानं आधी छापलेलं पद जिंकतं. म्हणजे आज जे नवं वाटतं, ते मुळात जुनंच. तरीही औषधी वनस्पतींच्या कितीतरी जुन्या पुस्तकांत फ्रोंडोजाच आहे. आयुर्वेद शिकणाऱ्या मुलीनं फक्त आजचं नाव पाठ केलं, तर पळसावरचं तेवढं सगळं लेखन तिच्यासाठी बंद.

मग करायचं काय

मागणी मोठी नाही. अहवाल असो, नोंदवही असो की कॉलेजचा प्रकल्प, वनस्पतीच्या प्रत्येक ओळीत पाच गोष्टी मागा. स्थानिक नाव आणि ते कुठलं. आजचं मान्य शास्त्रीय नाव, उपजातीसकट. ते नाव देणाऱ्याचं नाव. वापरात असलेली समानार्थी नावं. आणि वाळवून, तारीख घालून ठेवलेला नमुना कुठं आहे. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नावं बदलतील, मतं बदलतील. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेली फांदी हातात असली, तर शंभर वर्षांनीही कोणी तपासून म्हणू शकेल की झाड हेच होतं. त्यासाठी लाखांची यंत्रं लागत नाहीत. रद्दी, दोन पाट्या, वर ठेवायला दगड आणि पाठीवर लिहिलेली चिठ्ठी पुरते.

आणि फोनवर शोधताना रोमन लिपीत एकच नाव टाकून थांबू नका. क्यू इथल्या वनस्पती उद्यानाची यादी मोफत उघडते. तिथं झाडाच्या मान्य नावाखाली समानार्थी नावं दिलेली असतात. ती एकेक करून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या जनसुनावणीत तुमच्या गावातल्या कोणीतरी उभं राहून फक्त एवढं विचारावं: यादीतल्या अमुक ओळीतलं हे झाड म्हणजे आमच्याकडे ज्याला अमुक म्हणतात तेच का, आणि असेल तर तमुक ओळीत ते पुन्हा कशाला मोजलं? टेबलामागं उत्तर येणार नाही, कागद चाळले जातील. चाळू द्या. ज्यानं फेरफार वाचलेत त्याच्यासमोर सातबारा नाचवता येत नाही.